उजव्या खांद्यावरचा पट्टा

बंगलोरहून आलेलं ते पत्र शामकांतने ऑफिसात, ड्रॉइंगच्या तिरप्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं. ‘आमच्या विमानावर एच हे अक्षर कधीच नव्हतं’ या वाक्यापाशी आला, तेव्हा त्याच्या हातातली पेन्सिल सुटली आणि पारनेर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या नकाशावरून घरंगळत खाली पडली. ती त्याने उचलली नाही. दुष्काळाचं साल, वरून रोज तारा येत होत्या, पाटबंधारे खात्यातला प्रत्येक ड्राफ्ट्समन मान मोडेस्तोवर तलावांचे नकाशे काढत होता, आणि हा मात्र खिडकीतून निष्पर्ण गुलमोहराच्या खराट्याकडे बघत उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ‘घरी सगळं ठीक ना?’ म्हणून विचारलं. ‘ठीक आहे,’ असं तो म्हणाला खरा, पण घरी काय ठीक आहे नि काय नाही हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. कारण घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या धोतराच्या पानाखाली झाकून ठेवलेलं एक फूट पंखांचं लाकडी विमान होतं, आणि त्याच्या अंगावर आठच दिवसांपूर्वी त्याने श्वास रोखून, तीन केसांच्या कुंचल्याने, करड्या रंगात ‘एच’ काढला होता.

एक फुटाला पाव इंच, हे त्याचं माप. मूळ विमानाचे पंख अठ्ठेचाळीस फुटांचे, म्हणून याचे बरोबर बारा इंच. हिशेब इतका चोख जमला होता की शामकांतला तो शुभशकुनच वाटला होता. मग चाळीस फुटांचं धड दहा इंचांत आलं आणि त्यातून उडणारे साडेपाच फुटांचे नृसिंहकाका उभे राहिले तर इंच आणि तीन अष्टमांश, बसले तर जेमतेम इंचभर. पांगाऱ्याचं हलकं लाकूड त्याने सोनईच्या बाजारातून आणलं होतं. वरची काच म्हणजे सासूबाईंच्या मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे, सोड्याच्या पाण्यात धुऊन काचेसारखा स्वच्छ केलेला. लीना, त्याची बायको, तेव्हा म्हणाली होती, ‘आईचा हात गेला युद्धावर.’ तिचं बोलणं असंच. नवरा दर रविवारी पाटावर बसून लाकूड तासतो, कानसतो, फुंकर मारतो, आणि स्वयंपाकघरात आमटीवर भुसा येतो, हे तिने सव्वा वर्ष हसतहसत सोसलं. पण एकदा ती न हसता म्हणाली होती, ‘अहो, काकूंना दाखवा ना आहे तसं. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय डोळ्यांना.’ तेव्हा शामकांत म्हणाला होता की चुकीचं दाखवून काय उपयोग, एकदा अक्षराची खात्री झाली की दाखवतो. नृसिंहकाकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, काचबिंदू होता. बाजूचं दिसेनासं झालंच होतं, आता समोरचंही नळीतून बघावं तसं आक्रसत चाललं होतं. त्या नळीतून जे शेवटचं दिसायचं ते खरं असावं, एवढाच त्याचा हट्ट होता. तो हट्ट आपल्याला काकूंच्या प्रेमापोटी सुचला की स्वतःच्याच कसल्या भुकेपोटी, हे त्याने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

वयाच्या सहाव्या वर्षी आई गेली, तेव्हा काकूंनी त्याला आपल्या अंथरुणात घेतलं. त्या स्वतः तेव्हा एकोणीस वर्षांच्या. शेवगावचं ते घर, वडील शाळामास्तर, आणि धाकटे काका नृसिंह मॅट्रिक होऊन कारकुनी शोधता शोधता एक दिवस सरळ हवाई दलात नाव घालून आलेले. वायरलेस आणि बंदूक अशी दोन्ही कामं करणारा विमानातला माणूस. घरात कुणाला काही कळलं नाही. काकूंना एवढंच कळलं की हे आकाशात बसणार. त्रेचाळीस साली ते रजेवर आले आणि परत जाताना नगर स्टेशनवर पोचवायला काकू आणि आठ वर्षांचा शाम गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते. डब्यात काकांना इंजिनाकडे तोंड केलेली खिडकी मिळाली होती, चांगली जागा, आणि शामला कोण आनंद झाला होता. पण शिट्टी झाली आणि काका उठले, समोरच्या बाकावरच्या माणसाशी काहीतरी बोलले आणि त्याच्याशी जागा बदलून घेतली. आता ते इंजिनाकडे पाठ करून बसले. शाम खालून ओरडला, ‘काका, तिकडे तोंड करा ना! इंजिन दिसेल!’ तर ते खिडकीतून वाकून म्हणाले, ‘इंजिन बघायला ड्रायव्हर आहे रे. मी तुम्हाला बघतो.’ मग गाडी हलली आणि बराच वेळ तो चेहरा खिडकीत त्यांच्याकडे तोंड करून लहान लहान होत गेला. काकूंनी हात हलवला नाही. नऊवारीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या उभ्या होत्या आणि फलाट पार रिकामा झाल्यावर म्हणाल्या होत्या, ‘चल, उसाचा रस पिऊ.’ त्या रसाची चव अजून कधीतरी, भर दुपारी, विनाकारण शामकांतच्या जिभेवर येई आणि त्या दिवशी त्याचं कशात लक्ष लागत नसे.

चव्वेचाळीसच्या चैत्रात तार आली. ‘बेपत्ता’, एवढाच त्यातला कळलेला शब्द. मेले असते तर रडता आलं असतं. बेपत्ता माणसासाठी रडावं तर अपशकुन, न रडावं तर छाती फुटते. काकू कुंकू लावत राहिल्या. बारा वर्षं लावत राहिल्या. बारा वर्षं संपली तशी शास्त्राप्रमाणे वडिलांनी पैठणला गोदावरीकाठी पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, आणि काका मेले. शामकांत तेव्हा पुण्यात ड्रॉइंगच्या परीक्षेला बसला होता, त्याला कुणी कळवलंही नाही. मे महिन्यात घरी आला तर दार काकूंनी उघडलं आणि त्यांचं कपाळ मोकळं होतं. त्यांनी नेहमीसारखं ‘हातपाय धू, जेवायला वाढते’ म्हटलं. भिंतीवर एक नवा मोठा फोटो होता, सुकलेल्या हाराचा: गणवेशातले काका, विमानाच्या करड्या धडाला टेकून, एकटेच उभे. उजव्या खांद्यावर एक रुंद पट्टा, त्यावर चार उभ्या शिवणी. आणि मागे विमानाच्या अंगावर ठळक ‘एच’. त्या फोटोसमोर तो कपड्यांची ट्रंक हातात धरूनच उभा राहिला होता. आपल्याला वगळून काकांना मारलं, असं त्याला तेव्हा वाटलं. पुढे नोकरी लागली, वडील गेले, काकू त्याच्याबरोबर नगरला आल्या, फोटोही आला, तरी ते वाटणं काही गेलं नाही.

म्हणूनच की काय, एकाहत्तरच्या डिसेंबरात, युद्धाचं वातावरण असताना, एका सकाळी गावावरून विमानं गेली आणि अंगणातल्या काकूंनी तोंड वर करून डोळ्यांवर हात धरून विचारलं, ‘शाम, ह्यांचं असंच होतं का रे? हे कुठं बसत असतील त्यात?’ तेव्हा तो पेटून उठला. त्याला उत्तर माहीत नव्हतं. रोज अर्ध्या जिल्ह्याची जमीन कागदावर मोजणाऱ्या माणसाला आपला काका कुठे बसला होता हे माहीत नव्हतं. मग पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे खेपा झाल्या, इथल्या रणगाड्यांच्या केंद्रातल्या ग्रंथालयात एका सुभेदाराला लोणी लावून झालं, तिथल्या एका विलायती मासिकात अखेर फोटोच्या कडेला दिसणारा तो पंख सापडला. आधी मागे कललेला आणि मग एकदम सरळ झालेला, असा दुसऱ्या कुणाचाच नव्हता. व्हेंजन्स. सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारं दोन माणसांचं विमान. पुढे वैमानिक, मागे बंदूकवाला, वर एक लांबलचक काचेचं घर. नकाशा उतरवून घेतला, खिळ्याखिळ्याचा हिशेब लावला. दोनच गोष्टी कुठल्याच चित्रात सापडेनात. एक, ‘एच’ अक्षराचं विमान. दुसरा, तो चार शिवणींचा पट्टा. पॅराशूटचा पट्टा असा नसतो, बंदुकीचा असा नसतो. तरी फोटोत होता म्हणून त्याने इंचभर काकांच्या उजव्या खांद्यावर तो रंगवला. भिंग लावून चार शिवणीही काढल्या. आणि दिल्लीला, लंडनला पत्रं धाडत राहिला. त्यातलंच एक फिरत फिरत बंगलोरच्या या निवृत्त वैमानिकाच्या हाती पडलं होतं.

पत्र इंग्रजीत, अक्षर थरथरतं. ‘तुम्ही पाठवलेल्या फोटोच्या नकलेने मी चक्रावलो,’ साहेबांनी लिहिलं होतं. ‘त्यात मी नाही! हाच फोटो माझ्याकडे आहे, आणि त्यात नृसिंहच्या डावीकडे मी उभा आहे, त्याच्या मानेमागून हात टाकून. विमानाचं अक्षर माझ्या डोक्याआड झाकलं गेलंय, म्हणून ते मलाही आता सांगता येत नाही. पण आमच्या विमानावर एच हे अक्षर कधीच नव्हतं, ते आमच्या तुकडीतच नव्हतं. पंचेचाळीसमध्ये या फोटोची एक प्रत मी पत्रासोबत त्याच्या पत्नीला पाठवली होती. तो बेपत्ता झाला त्या दिवशी मी मलेरियाने इस्पितळात होतो. तो दुसऱ्या वैमानिकाबरोबर, दुसऱ्याच विमानातून गेला. आम्ही दोघं ज्यातून उडायचो ते विमान युद्ध संपेपर्यंत सुखरूप होतं. तुम्ही जे बनवताय ते परत आलेलं विमान आहे.’ आणि खाली, पानाच्या तळाशी जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात: ‘त्याची मागची सीट फिरायची. पुढे तोंड करून बसता येई. पण उड्डाणापासून उतरेपर्यंत तो मागे तोंड करून बसे. विचारलं तर म्हणे, साहेब, पुढे बघायला तुम्ही आहात. हवेत आमची पाठीला पाठ. त्याचा नुसता आवाज कानात. म्हणून खाली उतरलो की आधी मी त्याच्या खांद्यावर हात टाकी, माणूस जागेवर आहे ना बघायला. ती सवय फोटोतही दिसते.’

अर्ध्या दिवसाची रजा टाकून शामकांत माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडकडे निघाला. ऊन चढलं होतं. रस्त्यात बर्फाच्या गोळ्याची गाडी, दुष्काळी कामावरून आलेल्या बायका, टेम्पोत दाटीने भरलेली जनावरं, हे सगळं त्याच्या डोळ्यांना दिसत होतं आणि आत काहीच जात नव्हतं. आत फक्त एक माणूस फोटोतून हळूहळू पुसला जात होता, आणि त्याच्या जागी करडा रंग भरत होता. चिडायचं कुणावर? फोटोच्या मागे शिक्का होता, गोरक्षनाथ आर्ट, एस.टी. स्टँडजवळ. स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता, पण गोरक्षनाथ स्टुडिओच्याच बोळात ट्रकच्या फाळक्यांवर नावं रंगवत बसलेला सापडला. सत्तरीचा, चष्म्याला दोरा बांधलेला. शामकांतने फोटोची नक्कल पुढे केली तसा त्याने ती लांब धरली, जवळ धरली आणि ओळख पटून त्याचा चेहरा फुलला. ‘व्हय, म्याच केल्याला. लई अवघड काम हुतं.’

‘यातला दुसरा माणूस तुम्ही काढलात?’

‘काढावाच लागला की. बाई म्हनल्या, तो साहेब जिता हाय, त्याचं कागद आल्यालं हाय. आता जित्या मानसाला हार घालत्यात व्हय? फोटो हाराचा, मंग त्यात जितं मानूस ठिवून कसं चालंल? येवढ्यासाठीच आमच्याकडं येत्यात लोक. कुनाची बायको काढायची, कुनाचा भाऊ काढायचा. जिती समदी काढायची, मेल्यालं तेवढं ठिवायचं.’

‘आणि हे अक्षर? हे कुठून आणलंत?’

गोरक्षनाथ जरासा ओशाळला. कुंचला रॉकेलमध्ये बुचकळून म्हणाला, ‘मानूस काढला तर मागं भगदाड पडलं ना. इमानाचं अंग मोकळंच दिसाया लागलं. मोकळं ठिवलं तर गिऱ्हाईक म्हनतं काम अर्धं हाय. मला विंग्रजी येत न्हाई. स्टँडावरच्या येस्टीच्या नंबरात यक अक्षर हुतं सोपं. दोन काठ्या नि मधी आडवी. तेच काढलं. का, चुकलं का काय?’

शामकांतला हसू आलं. दिल्ली झाली, लंडन झालं, आणि एच आला होता एस.टी.च्या पाटीवरून. ‘नाही, चुकलं नाही,’ तो म्हणाला. ‘पण हा पट्टा?’

‘ती मातुर बाईंची गोष्ट.’ म्हाताऱ्याने कुंचला बाजूला ठेवला. ‘साहेबाला काढला, पन त्याची बोटं ह्यांच्या खांद्याव हुती. ती खोडाया लागलो तर बाई म्हनल्या, हात राहू द्या. म्या म्हनलं, बाई, मानूस न्हाई नि नुस्ता हात? भुताचा वाटंल. मंग म्हनल्या, मंग पट्टा करा त्याचा. पन बोटं खालची खोडू नका. ह्यांच्या अंगाव कुनाचा तरी हात असू द्या.’ त्याने नखाने त्या चार शिवणी दाखवल्या. ‘ही चार बोटंच हायेत. रंग वरवरचा हाय. वल्या कापसानं पुसला तर आजबी निघंल.’

घरी आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. लीना शाळेतल्या नोकरीवरून यायची होती. काकू खिडकीशी बसून, डोळ्यांपेक्षा बोटांनीच, तांदूळ निवडत होत्या. शामकांत कपाटापाशी गेला, धोतराचं पान काढलं आणि विमान समोर धरलं. किती देखणं झालं होतं! आणि किती खोटं. अक्षर खोटं, पट्टा खोटा, विमानच परत आलेलं. आणि काचेत इंचभर काका ऐटीत पुढे तोंड करून बसलेले, कारण नकाशात सीट तशी होती आणि पुढे जाणारा माणूस पुढे बघतो असं त्यानेच धरून चाललं होतं. नगर स्टेशनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. जे कुठल्याच नकाशात नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं, तेच त्याने मापात धरलं नव्हतं. त्याने पाटावर बसून पातं काढलं, काचेची मागची कड उचकटली. एक्स-रेची फिल्म कटकन तडकली. इंचभर काका डिंकातून सुटले, त्याने त्यांना दोन बोटांत धरून फिरवलं आणि वैमानिकाच्या पाठीला पाठ करून बसवलं. मग ओल्या कापसाच्या बोळ्याने अक्षर पुसलं. तिथे करडा डाग राहिला.

‘काय तुटलं रे?’ काकूंनी विचारलं.

‘काही नाही. काकू, हात पुढे कर. दोन्ही.’

त्यांनी ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले. त्याने विमान त्यांच्या तळव्यांवर ठेवलं. त्यांना ते आधीपासून ठाऊक असणार, घरात भुसा काय उगाच उडतो का, पण त्यांनी ठाऊक असल्यासारखं दाखवलं नाही. खिडकीच्या उजेडाकडे वळून त्यांनी ते अगदी डोळ्याशी नेलं, शेपटीपासून नाकापर्यंत आपल्या त्या नळीतून थोडं थोडं करत पाहिलं. शामकांत पाठ केल्यासारखा बोलत सुटला. बंगलोरचे साहेब, एस.टी.ची पाटी, परत आलेलं विमान, सगळं सांगून टाकलं. विमानाचं अक्षर शेवटी कळलंच नाही, हेही सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘फोटोतला साहेब ना? चांगला माणूस. पत्रं आली होती त्याची, मी ती पैठणला पुतळ्याबरोबर अग्नीला दिली. तू मला विचारलंस कुठं?’ खरंच, विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि सव्वा वर्ष गावाला वळसा.

‘तुला दुखेल म्हणून,’ तो म्हणाला.

‘दुखायचं ते दुखतंच रे. विचारणारं कुणी असलं तर बरं वाटतं.’ मग बोट हळूच लाकडावरून सरकवत त्यांनी विचारलं, ‘हे कुठं बसलेत?’

त्याने त्यांचं बोट धरून मागच्या जागेवर नेलं. ‘हे बघ. मागे तोंड करून. निघाल्यापासून पोचेपर्यंत असेच बसायचे, साहेबांनी लिहिलंय. पुढे बघायला तुम्ही आहात, म्हणायचे.’

काकू हसल्या. तीस वर्षांपूर्वी फलाटावर हसायचं राहून गेलेलं ते हसू. ‘म्हणजे जाताना तोंड घराकडं होतं?’

शामकांतला नकाशा माहीत होता. विमानं कुठून उठत, कुठे वळत, शेवगाव नेमकं मागे नव्हे, तर त्यांच्या कुठल्या अंगाला किती मैलांवर पडे, हे त्याने कंपास लावून काढलं होतं. इंचाच्या सोळाव्या हिश्श्याचा फरक त्याला आयुष्यात कधी चालला नव्हता. ‘हो,’ तो म्हणाला. ‘घराकडेच.’

काकूंच्या बोटाचं टोक इंचभर माणसाच्या उजव्या खांद्यावर जाऊन थांबलं. चार शिवणींवर. तिथून ते हललं नाही. बाहेर अंगणात कुणीतरी हौदावर बादली आपटली, शेजारच्या घरात रेडिओ लागला, तांदळाच्या ताटात चिमणी उतरली तरी ते हललं नाही. शामकांतला एकदम भीती वाटली की आपण रडू, म्हणून तो खाली वाकून तडकलेल्या काचेचे तुकडे गोळा करू लागला. ‘काच नवीन करावी लागेल,’ तो म्हणाला. ‘रविवारी बसवतो.’

‘नको बसवूस,’ काकू म्हणाल्या. ‘मग हात पोचायचा नाही.’

त्याने ते तुकडे खिशात टाकले आणि चिमणी हाकलायला उठला.